नाव कोरलेलं ताट

प्रश्न

नमस्कार. आम्ही साताऱ्यात गोडोलीला राहतो. माझे मिस्टर मुलांना धावण्याचं प्रशिक्षण देतात. गेल्या जूनपासून माण तालुक्यातली एक पंधरा वर्षांची मुलगी आमच्याकडे राहायला आहे. घरची परिस्थिती बेताची, पण पायात वारं आहे पोरीच्या. ८०० आणि १५०० मीटर पळते, यंदा विभागीय शालेय स्पर्धेपर्यंत गेली. यांना तिच्यापुढे दुसरं काही दिसत नाही. जेवताना तिचंच, फोनवर तिचंच, कुणी आलं की ‘ही माझीच पोरगी’. तीही आता सर म्हणायचं सोडून यांना ‘बाबा’ म्हणायला लागली आहे आणि यांना त्याचं फार कौतुक.

आमची लेक दहा वर्षांची, पाचवीत. आधी हट्टाने बाबांबरोबर स्टेडियमवर जायची, दिवाळीपासून बंद. त्या मुलीला ताई म्हण म्हटलं तर तोंड फिरवते. गेल्या महिन्यात लेकीचं नाव कोरलेलं ताट चुकून ताईला वाढलं गेलं, तर ही उपाशी झोपली. परवा स्पर्धेच्या दिवशी पहाटे साडेचारला ताईचा एक स्पाइक बूट सापडेना. घर उलथंपालथं केलं, शेवटी तांदळाच्या डब्यामागे मिळाला. यांनी आयुष्यात पहिल्यांदा लेकीवर हात उचलला. ती रडलीसुद्धा नाही. रात्री मला म्हणाली, ‘मला पण दुसऱ्याच्या घरी ठेव. मग माझे पण लाड होतील.’

पहाटे उठून दोघांचे डबे मी करते, मळलेले कपडे मी धुते. माझी तक्रार नाही. पण एकदा रागाच्या भरात मीही लेकीला म्हणून गेले, ‘तुझ्या बाबांना आता तीच दिसते.’ त्या मुलीला परत पाठवावं का? की आमच्या लेकीला दुसरा एखादा क्लास लावावा, म्हणजे तिलाही कुठेतरी बक्षीस मिळेल?

– एक आई, सातारा

उत्तर

आधी बूट. तुमच्या सगळ्या पत्रात लेक सर्वांत स्पष्ट बोलली आहे ती तिथे. दोन बूट हाताशी होते, तिने एकच उचलला. कापला नाही, तळाच्या पिना काढून फेकल्या नाहीत, गच्चीवरून खाली टाकला नाही. ठेवला कुठे, तर तांदळाच्या डब्यामागे. सकाळी त्या फळीकडे तुमचा हात जाणार हे तिला पक्कं ठाऊक. वस्तू नाहीशीच करायची असती तर दहा वर्षांच्या मुलीला याहून चांगल्या जागा सुचतात. सापडावा म्हणूनच लपवलेला तो बूट होता, असं आमचं मत आहे. ज्या घरातून बाबा रोज पहाटे चोरपावलांनी निघून जातात, त्या घरात त्या दिवशी अर्धा तास सगळे दिवे लागले आणि बाबा तिच्यासमोर येऊन उभे राहिले. मिळालं ते थपडेच्या रूपात.

म्हणून पहिलं काम थपडेचं, आणि ते याच आठवड्यात. बाबांनी लेकीला एकटीला गाठायचं, तिच्या उंचीला खाली बसायचं आणि म्हणायचं, ‘मी तुला मारलं. ते चुकलं. राग आला तरी हात उचलायचा नाही, हे मला जमायला पाहिजे.’ तीन वाक्यं. चौथं वाक्य ‘पण तू तरी बूट कशाला लपवलास’ असं सुरू झालं की आधीची तिन्ही पुसली जातात. तिने काही उत्तर द्यावं, मिठी मारावी अशी अपेक्षा नको. ती ‘बरं’ म्हणून निघून गेली तरी काम झालं. लगोलग पेढ्याचा बॉक्स, नवी कंपास असलं काही आणू नका. माफीला वस्तू जोडली की मुलं वस्तू लक्षात ठेवतात.

बुटाचा हिशेब वेगळ्या दिवशी आणि तो तुम्ही घ्यायचा. तिने ताईला एकटीला सांगायचं, ‘मी लपवला होता, सॉरी.’ आणि भरपाई म्हणून दोन रविवार जुन्या टूथब्रशने त्या बुटांच्या तळाची माती काढायची. दहा मिनिटांचं काम आहे. घरातल्या सगळ्यांसमोर उभं करून वदवून घेणं नको, स्टेडियमवर तर मुळीच नको. त्यानंतर विषय कायमचा बंद. मावशी-आत्या हसत हसत ‘आत्तापासूनच करवलीची प्रॅक्टिस चालू आहे वाटतं’ म्हणतील, तेव्हा तिथल्या तिथे विषय बदलायची जबाबदारी तुमची. असल्या गमती मुलांच्या नावाला वर्षानुवर्षं चिकटून राहतात.

आता तुमचे दोन प्रश्न. ताईला परत पाठवावं का? आत्ता नाही. ती या महिन्यात गेली तर तुमची लेक यातून काय शिकेल बघा: एक बूट लपवला की अख्खा माणूस घरातून जातो. दहा वर्षांच्या मुलीला एवढी ताकद हातात आल्याचा आनंद होत नाही, धसका बसतो. शिवाय बाबांचा उतरलेला चेहरा पुढची दोन वर्षं तिला रोज बघावा लागेल आणि तो आपल्यामुळे आहे हे कुणी न सांगताही कळेल. पण ‘आत्ता नाही’ला मुदत हवी. तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही: ही मुलगी येणार हे लेकीला कुणी, कधी सांगितलं? आणि ती कधीपर्यंत राहणार? आमचा अंदाज असा की एका संध्याकाळी ताई बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि लेकीला खोलीतला अर्धा पलंग रिकामा करायला सांगितलं गेलं. मोठ्यांना हे मदतीचं, पुण्याचं काम वाटतं. मुलाला तो पाहुणा न जाणारा वाटतो.

तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर काढून लेकीला जवळ घ्या आणि तिच्यासमोर खुणा करा. ताई एप्रिलमध्ये परीक्षा संपेपर्यंत इथे आहे. मे महिना ती तिच्या गावी. पुढच्या जूनचं काय, ते आपण चौघं मिळून मे महिन्यात ठरवू. बाबा स्पर्धेला बाहेरगावी कोणकोणत्या तारखांना, तेही लाल पेनने. निर्णय मोठ्यांचाच राहील, पण तारीख तिला माहीत असेल. तारीख माहीत असलेला त्रास मुलं बऱ्यापैकी सोसतात, बेमुदत त्रास सोसत नाहीत.

दुसरा क्लास लावावा का? नाही. हा उपाय निम्म्या घरांत केला जातो आणि तो का फसतो हे बघण्यासारखं आहे. ताईला पळण्यात पदक, मग आपल्या मुलीला भरतनाट्यम, नाहीतर अबॅकस, नाहीतर कीबोर्ड. म्हणजे घराने तिला सांगितलं की या घरात लक्ष हवं असेल तर काहीतरी जिंकून आण. मैदान तेवढं बदलून देतो. तिथे ती चौथी आली की संपलं. तिला नाचायचंच असेल तर खुशाल लावा, पण जून उजाडू द्या, आणि क्लासचा आणि ताईचा संबंध कुणाच्याही तोंडून निघता कामा नये.

आता तुमच्या मिस्टरांकडे वळू. त्यांना खलनायक ठरवण्यात वेळ घालवू नका, तसे ते नाहीत. माणच्या पोरीवर साताऱ्यातला प्रशिक्षक जीव टाकतो यात नवल काय? त्याच तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाल्या आणि दहाव्या आल्या. १९८४ मध्ये पी. टी. उषा धावल्या, त्यानंतर ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रशिक्षकाच्या डोळ्यांसमोर हे चित्र असतं आणि पायात वारं असलेली पोरगी समोर आली की ते हलायला लागतं.

पण याहूनही साधं कारण एक आहे. ताईशी काय बोलायचं हे त्यांना माहीत आहे. ती ८०० मीटर २ मिनिटं २४ सेकंदांत पळाली, पहिली फेरी ७० सेकंदांची, दुसरी ७४ ची, की त्या चार सेकंदांवर ते तासभर बोलू शकतात: सुरुवात घाईत झाली का, शेवटच्या २०० मीटरला खांदे आवळले का, आदल्या रात्री झोप किती. लेकीच्या दिवसाचं असं घड्याळ त्यांच्याकडे नाही. मग उरतो तो एकच प्रश्न, ‘अभ्यास झाला का?’, आणि त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. संवाद संपला. प्रेम कमी नाही, विषय नाही. अशा माणसाला ‘लेकीकडे लक्ष द्या’ म्हणणं म्हणजे खेळाडूला ‘जोरात पळ’ म्हणण्यासारखं आहे. त्यांना आराखडा द्यावा लागेल. किती वाजता, किती मिनिटं, काय करायचं, काय टाळायचं.

त्याआधी सात दिवस तुम्ही एक नोंद करा. वहीच्या मागच्या पानावर फक्त तीन आकडे: रात्रीच्या जेवणात ताईचा विषय किती वेळा निघाला, बाबांनी लेकीला अभ्यास सोडून किती प्रश्न विचारले, दोघं एकटे किती मिनिटं होते. टोमणे, टीकाटिप्पणी, ‘आज पुन्हा’ वगैरे लिहायचं नाही, नाहीतर आठव्या दिवशी हातात आरोपपत्र असेल. सेकंदावर जगणाऱ्या माणसाला आकडा पटतो, रडणं पटत नाही. वाईट वाटेल, पण आहे तसं आहे.

बोलायची वेळ रविवार सकाळ. सरावाला सुट्टी असते, चहा झालेला असतो. स्पर्धा हरून आल्यावर नको, जिंकून आल्यावर तर अजिबात नको. सुरुवात ‘तुम्ही नेहमी’ने करू नका. असं काहीसं म्हणा: ‘अहो, ताईचं तुम्ही जे करताय ते चांगलंच आहे, ते थांबवा असं मी म्हणत नाही. पण हे सात दिवसांचे आकडे बघा. जेवताना ताईचा विषय एकवीस वेळा, लेकीला प्रश्न दोन. तिचा पण एक आराखडा करून द्या मला.’ एकवीस आम्ही उदाहरणादाखल लिहिलं, तुमचा जो येईल तो. ते चिडतील. ‘आता मी पोरीचं कौतुक पण करायचं नाही का?’ असं विचारतील. त्यावर वाद न घालता वही तिथेच ठेवून उठा. बहुतेक जण ती संध्याकाळपर्यंत एकटे असताना उघडतात.

आराखडा असा. रोज वीस मिनिटं, फक्त बाबा आणि लेक. आठवड्यातून सहा दिवस, वेळ ठरलेली. संध्याकाळचा सराव आटोपून ते साडेसातला येत असतील, तर जेवणानंतर पावणेनऊ ते नऊ वाजून पाच. या वेळात काय करायचं ते लेक ठरवेल: पत्ते, चित्रं, डोशाच्या पिठाचे प्राणी, गोडोली तळ्याला फेरी, नुसतं गच्चीवर पडणं. फोन आतल्या खोलीत, आवाज बंद. शिकवायचं नाही, सुधारायचं नाही, ‘असं नाही, असं धर’ म्हणायचं नाही. प्रश्नांची सरबत्तीही नको. ती करते ते बघायचं आणि दिसेल ते बोलायचं, ‘अरे, हत्तीला निळं शेपूट काढलंस.’ शीला आयबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात पालक आणि लहान मुलांसाठी जी उपचारपद्धत बसवली, तिच्यात रोज पाच मिनिटांचा असाच वेळ असतो आणि त्यात हुकूम, टीका, प्रश्न या तिन्हींना बंदी असते. ती पद्धत मुख्यतः दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे. दहाव्या वर्षी पाच मिनिटं कमी पडतात, म्हणून आम्ही वीस सांगतो. तासभर सांगत नाही, कारण तासभर फार तर तीन दिवस जमतं.

हे कुठे बिघडतं ते सांगून ठेवतो. पहिलं, प्रशिक्षकाची सवय. तिसऱ्या दिवशी ते म्हणतील, ‘चल, गच्चीवर दोरीच्या उड्या मोजू.’ मोजणं आलं की खेळ संपला. दुसरं, सोय म्हणून ताईला सामील करून घेतलं जाईल, ‘बसू दे की तीपण, एकटी काय करेल.’ नाही. या वीस मिनिटांत ताईने तिच्या आईला फोन करावा. तिसरं, शिक्षा म्हणून हा वेळ काढून घेतला जाईल: ‘गृहपाठ नाही केलास, आज बाबा नाहीत.’ ही चूक मात्र तुमच्याकडून होईल, त्यांच्याकडून नाही. भांडण झालेल्या दिवशी ही वीस मिनिटं जास्त लागतात. चौथं, बाहेरगावी स्पर्धा. तेव्हा त्याच वेळेला फोन, पाच मिनिटं, आणि त्यात ताईचा निकाल आधी सांगायचा नाही. लेकीने विचारला तर एका वाक्यात.

आणि सगळ्यांत मोठा अडथळा म्हणजे लेक स्वतः. पहिले तीन-चार दिवस ती म्हणेल, ‘मला नाही खेळायचं, जा ताईशी बोला.’ हा परीक्षेचा पेपर आहे. बाबांनी रुसून उठायचं नाही, मनधरणीही करायची नाही. ‘बरं, मी इथेच बसलोय नऊ वाजून पाच मिनिटांपर्यंत,’ म्हणायचं आणि खरंच बसायचं. शेंगा सोलत बसावं, पण हातात फोन नको. साधारण पहिला आठवडा तिचं वागणं आधीपेक्षा बिघडेल, उलट उत्तरं वाढतील. पुष्कळ घरं इथेच ‘बघा, काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देतात. दार खरंच उघडं आहे का हे मूल ढकलून बघत असतं, तो हा आठवडा.

लेकीला शाळेत गाडीवरून सोडायला कोण जातं? तुम्ही जात असाल तर आठवड्यातले दोन दिवस हे काम बाबांना द्या. गाडीवर एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. समोरासमोर बसून जे निघत नाही ते पाठीमागून कानात सहज बोललं जातं.

आता ताटाकडे येऊ. पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंय, आम्हाला ते बुटाइतकंच मोठं वाटतं. स्टीलच्या ताटाच्या काठावर भांडीवाल्याने टिंब टिंब करून कोरलेलं नाव: वाढदिवसाचं किंवा बारशाचं असेल, बाबांनीच आणलं असेल. घरातल्या बाकी सगळ्या वस्तू वाटल्या गेल्या: पलंग, टेबल, पंख्याची बाजू, ‘बाबा’ हा शब्दसुद्धा. नाव कोरलेली वस्तू तेवढी वाटली जाणार नाही, असं तिने धरलं होतं. त्या रात्री तीही ताईपुढे गेली. ‘ताटात काय आहे एवढं’ असं कुणीतरी म्हणालंच असणार. तर नियम करा की हे ताट फक्त तिचं. कुणी पाहुणा आला, सगळी ताटं घासायला पडली, तरीही. त्याबरोबर कपाटाचा एक कप्पा किल्लीसकट तिचा, भिंतीवरची एक खुंटी तिची, टेबल संध्याकाळी सहा ते सात तिचं. बाकी सगळं वाटून घ्यायला मग तीच मोकळी होते, कारण आपलं किती आहे ते तिला नक्की ठाऊक असतं.

‘बाबा’ या शब्दाचं काय? ताईला दुखवून तो काढून घेऊ नका. बाबांनीच एकदा सरावाहून येताना तिला मोकळेपणी सांगावं, ‘मैदानावर मी तुझा सर, घरात काका. तुझे बाबा गावाकडे आहेत, त्यांची जागा मी कशाला घेऊ?’ पंधरा वर्षांच्या मुलीला हे समजतं, पुष्कळदा बरंही वाटतं, कारण तिलाही तिकडे आपल्या बापाशी बेइमानी केल्यासारखं वाटत असतं. पाहुण्यांसमोरची ओळखही बदला. ‘ही माझीच पोरगी’ऐवजी ‘ही माझी खेळाडू’. कौतुकात काही कमी होत नाही आणि ज्या शब्दावर लेकीचा हक्क आहे तो शब्द लेकीकडे राहतो. तसंच ‘ताई म्हण’ ही सक्ती आजपासून बंद. नावाने हाक मारू दे. नातं आधी, हाक मागून.

‘ती बघ पहाटे पाचला उठते’ हे वाक्य घरात कुणीही वापरायचं नाही. तुम्हीसुद्धा. त्याचं उलटं वाक्यही तितकंच वाईट आहे: ‘ताई पळते, पण अक्षर मात्र तुझंच छान.’ तुलना जिंकवून दिली तरी तुलनाच राहते, आणि शेजारच्या खोलीत दुसरी मुलगी ती ऐकत असते.

खाण्यापिण्यात फरक राहणार, तो लपवू नका. रोज दोन वेळा सराव करणाऱ्या मुलीला अंडी, दूध, खजूर, शेंगदाण्याचे लाडू जास्त लागतात. उसाच्या ट्रॅक्टरला स्कूटीपेक्षा इंधन जास्त लागतं, एवढं लेकीला कळतं. भावंडांवरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय की वेगळ्या वागणुकीचं कारण पटलं तर मुलं ती बरीच सहज घेतात. खटकतं ते न सांगितलेलं कारण आणि वाढण्यातला सोहळा. म्हणून ताईचा जादा खुराक सकाळी सरावाहून आल्यावर स्वयंपाकघरात, बाबांनी सोलून हातात न देता तिने स्वतः घेऊन खायचा. रात्रीचं जेवण चौघांना एकच आणि सारखं, दुधाचे पेलेही दोघींना एकाच मापाचे. आणि ताईच्या बुटांसाठी लेकीची कुठली वस्तू, सायकल म्हणा, दप्तर म्हणा, पुढे ढकलली असेल तर तिची तारीख त्याच कॅलेंडरवर लिहा.

तिने स्टेडियम सोडलं, त्याबद्दल फार काही करू नका. ‘चल की, मज्जा येईल’ नको, ‘तू पण पळायचीस ना’ तर नकोच. एखाद्या रविवारी बाबांनी तिला घेऊन साताऱ्याच्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत चालत जावं, घड्याळ घरी ठेवून. येताना राजवाड्याच्या चौपाटीवर भेळ. वाटेत ती पळाली तर पळाली. ‘अरे वा, स्ट्राइड चांगली आहे’ हे वाक्य ओठांपर्यंत येईल, ते गिळावं. प्रशिक्षकाच्या मुलीला बापाने एकदा तरी नुसतं पळताना बघावं लागतं. ती पुन्हा मैदानावर येईल की नाही ते आपल्याला माहीत नाही आणि या सगळ्या खटाटोपाचा तो हेतूही नाही.

ताईबद्दल दोन शब्द, कारण ती काही आम्हाला पत्र लिहिणार नाही. आपल्या बुटासाठी या घरातल्या मुलीला मार बसला, हे तिने पाहिलं आहे. आता ती जेवताना कमी बोलेल, जास्त काम करेल, भांडी घासायला पुढे होईल. त्याला समजूतदारपणा म्हणून डोक्यावर घेऊ नका. घाबरलेली मुलं असंच वागतात. तिला सांगा, ‘त्या दिवशी जे झालं ते तुझ्यामुळे नाही.’ लेकीला खूश करायची, तिची मैत्रीण व्हायची जबाबदारी तिच्यावर टाकू नका. एक व्यवहाराची गोष्टही करून घ्या: तिच्या आईवडिलांचं सहीचं पत्र, ती तुमच्याकडे कधीपासून कधीपर्यंत राहणार, आजारपणात दवाखान्यात नेण्याची परवानगी, रोज घरी फोनची वेळ. दुसऱ्याचं मूल घरात ठेवताना हे कागद दोन्ही बाजूंना बरे असतात.

आणि तुम्ही. ‘माझी तक्रार नाही’ असं लिहिलंत, पण त्याच ओळीत डबे मोजलेत, कपडे मोजलेत. तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. तुमच्या घरात एक माणूस वाढलं आणि त्याचं सगळं काम तुमच्या वाट्याला आलं. तुम्हाला कुणी विचारलं होतं का? ही तक्रार त्याच रविवारी, पण दुसऱ्या चहाला, वेगळी मांडा. धुणं ताईचं ताईने, दोघांचे डबे आठवड्यातून तीन दिवस मिस्टरांनी. हे लेकीच्या आडून मागू नका. ‘तुझ्या बाबांना आता तीच दिसते’ हे वाक्य नेमकं तिथून आलं, आणि मुलीने ते पुरावा म्हणून जपून ठेवलं असणार. तिला सांगून टाका: ‘मी त्या दिवशी दमले होते, चिडले होते. बाबांवरचा माझा राग होता तो. बाबांना तू आवडतेस की नाही याचा त्याच्याशी संबंध नव्हता.’

एक सावधगिरी. सगळं ‘हेवा’ या एका डब्यात भरू नका. दिवाळीपासून स्टेडियम बंद झालं, तर तिथे कुणी चिडवलं, धमकावलं, नकोसा स्पर्श केला असं काही नाही ना, हे तिला एकटीला, शांतपणे, एकदा विचारून घ्या. वर्गशिक्षिकांनाही भेटा, शाळेतही ती गप्प झाली असेल तर ते वेगळं चिन्ह आहे. झोप-जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं राहिलं, रोज सकाळी पोटदुखी निघाली आणि डॉक्टरांना काही सापडलं नाही, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, तर बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. ‘मी नसलेलीच बरी’ अशा अर्थाचं बोलली तर त्याच दिवशी. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहेच.

वीस मिनिटांची सवय बसायला आणि तिचा परिणाम दिसायला सहा आठवडे धरा. परिणाम म्हणजे ताईला मिठी वगैरे नव्हे. दोघींचं कशावरून तरी किरकोळ भांडण झालं, केसांची क्लिप, रिमोट, बाथरूममध्ये कोण आधी, आणि ते बाबांपर्यंत न येता तिथेच मिटलं, तर बरं चाललंय समजा. मधल्या काळात एकदा भांडीवाल्याकडे जाऊन ताईसाठीही एक ताट घ्या, नाव घालून. दोन्ही ताटं मांडणीत कुठे ठेवायची ते लेकीला ठरवू द्या. तिने ताईचं खालच्या फळीवर, मागच्या कोपऱ्यात ठेवलं तर ठेवू द्या, हलवू नका. सहा आठवड्यांनी आम्हाला पुन्हा लिहाल तेव्हा ते कुठे आहे तेवढं मात्र कळवा.